तेल, दहशतवाद आणि पाश्चात्त्य देश: रायगडच्या किनाऱ्यावरून बघताना

18 ऑगस्ट 2022 ची गोष्ट. श्रीवर्धन तालुक्यात हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ एक बेवारस नौका सापडली. आत तीन एके-47 रायफली आणि काडतुसे. दुसऱ्या दिवशी दहीहंडी, पुढे गणपती. बघता बघता टीव्हीवर पट्ट्या फिरू लागल्या, जिल्ह्यात नाकाबंदी लागली. त्याच दिवशी उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधानसभेत माहिती दिली, की नौका एका ऑस्ट्रेलियन महिलेच्या मालकीची आहे, ती मस्कतहून युरोपला निघाली होती, जूनमध्ये इंजिन बंद पडलं, खलाशांना कोरियाच्या युद्धनौकेने वाचवलं आणि रिकामी नौका वाहत वाहत आपल्या किनाऱ्याला लागली. दहशतवादाचा धागा आढळलेला नाही, असंही त्यांनी सांगितलं.

नौका मस्कतची, वाट युरोपची, हत्यारं आत, आणि लागली कुठे तर हरिहरेश्वरला. पश्चिमेचे देश आणि आखात यांच्यामध्ये जे काही चालतं, त्याचा काही ना काही भाग वाहून आपल्याकडे येतोच. म्हणून "दहशतवाद आणि तेलावरचं अवलंबन यांना पाश्चात्त्य देशांनी काय उत्तर द्यावं" हा प्रश्न फक्त वॉशिंग्टन आणि लंडनचा नाही. तो श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि उरणचाही आहे. या लेखात त्या प्रश्नाची माहिती क्रमाने दिली आहे.

एकाच किनाऱ्यावर दोन्ही प्रश्न

आधी दहशतवाद. 6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडली गेली. त्यानंतर डिसेंबर आणि जानेवारीत मुंबईत दंगली झाल्या. श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालानुसार त्यात 900 माणसं मेली, त्यातली 575 मुस्लीम आणि 275 हिंदू. त्याच काळात, जानेवारी 1993 मध्ये दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरवलं गेलं. 12 मार्च 1993 ला मुंबईत साखळी स्फोट झाले आणि 257 माणसांचा जीव गेला. त्यात सगळ्या धर्माचे लोक होते.

हा माल उतरला कसा? कोकण किनाऱ्यावर सोनं-चांदीच्या तस्करीची वाट वर्षानुवर्षं रुळलेली होती. तिला 'लँडिंग' म्हणत. पैसे घेऊन डोळेझाक करणारेही ठरलेले होते. त्याच वाटेने यावेळी स्फोटकं आली. या खटल्यात तस्करांबरोबर कस्टमचे अधिकारी आणि पोलीसही दोषी ठरले, हे विसरता कामा नये. भ्रष्टाचाराने उघडं ठेवलेलं दार फक्त सोन्यासाठी उघडं राहत नाही.

आता तेल. मुंबई हाय हे तेलक्षेत्र 1974 मध्ये सापडलं आणि 1976 पासून उत्पादन सुरू झालं. तिथलं तेल आणि वायू समुद्राखालच्या पाइपलाइनने उरणला येतो. अलिबागजवळ थळचा खत कारखाना वायूवर चालतो. कोळ्यांच्या आणि दालदींच्या होड्या डिझेलवर चालतात. आणि आपल्या घरांचं काय? कोकणी मुस्लिमांची आधीची पिढी आगबोटीवर खलाशी होती, कोणी आफ्रिकेत गेले. 1973 नंतर आखातात पैसा आला तशी कुवेत, सौदी, दुबई, कतारची वाट धरली गेली. म्हसळा-श्रीवर्धनच्या गावांमधली पक्की घरं, शाळा, मशिदींची दुरुस्ती, बहिणींची लग्नं यांच्यामागे बऱ्याच अंशी तेलाचाच पैसा आहे.

म्हणजे तेलावर अवलंबून असलेले फक्त अमेरिका-युरोपवाले नाहीत. ते तेल जाळतात, आपण तेलाच्या पगारावर घर चालवतो.

पश्चिमेचं अवलंबन कसं वाढलं

फेब्रुवारी 1945 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट आणि सौदीचे बादशहा अब्दुल अझीझ यांची सुएझ कालव्यात एका युद्धनौकेवर भेट झाली. सौदीशी अमेरिकेच्या घट्ट नात्याची सुरुवात तिथून मानली जाते. 1951 मध्ये इराणचे पंतप्रधान मोसद्दिक यांनी देशाचं तेल राष्ट्रीय मालकीचं केलं. ऑगस्ट 1953 मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेच्या गुप्तचर यंत्रणांच्या मदतीने त्यांचं सरकार उलथवलं गेलं. इराणी लोक ते विसरले नाहीत.

ऑक्टोबर 1973 च्या अरब-इस्रायल युद्धात अरब देशांनी इस्रायलला मदत करणाऱ्या देशांचं तेल रोखलं. तीन डॉलरच्या आसपास असलेला पिंपाचा भाव काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेला. पंपांवर रांगा लागल्या.

या धक्क्याला पश्चिमेने दोन प्रकारची उत्तरं दिली. पहिलं शहाणपणाचं. नोव्हेंबर 1974 मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था स्थापन झाली आणि सदस्य देशांनी 90 दिवसांच्या आयातीएवढा साठा ठेवायचा नियम केला. काही देशांनी तेलाचा वापरच कमी करायला घेतला. दुसरं उत्तर लष्करी. 23 जानेवारी 1980 ला अध्यक्ष कार्टर यांनी जाहीर केलं, की आखातावर ताबा मिळवायचा बाहेरच्या शक्तीचा प्रयत्न हा अमेरिकेच्या हितावरचा हल्ला मानला जाईल आणि गरज पडल्यास बळ वापरलं जाईल. तेव्हापासून पंपावरचं पेट्रोल आणि आखातातली युद्धनौका ही एकाच हिशेबाची दोन पानं झाली.

1990: बिल कोणाच्या नावावर?

2 ऑगस्ट 1990 ला सद्दाम हुसेनच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या. तेलाचा भाव सतरा डॉलरच्या आसपास होता, तो ऑक्टोबरमध्ये चाळीसच्या घरात गेला. अमेरिकेने फौजा उतरवल्या, 1991 च्या सुरुवातीला युद्ध झालं, कुवेत मोकळं झालं. पाश्चात्त्य इतिहासात ही गोष्ट इथे संपते.

आपल्याकडे ती वेगळी आहे. सुमारे 1 लाख 70 हजार भारतीय अम्मानमार्गे विमानांनी परत आणावे लागले. एअर इंडियाने जवळपास 500 फेऱ्या केल्या. बँकेतले दिनार, दुकानं, गाड्या तिथेच राहिल्या. तेल महागलं, परदेशातून येणारा पैसा आटला आणि देशाची परकीय गंगाजळी संपत आली. जुलै 1991 मध्ये रिझर्व्ह बँकेला सुमारे 47 टन सोनं बाहेर गहाण ठेवावं लागलं. कुवेतवरून रिकाम्या हाताने परतलेला माणूस आणि सोनं गहाण ठेवणारा देश, दोघांची अडचण एकाच ठिकाणाहून आली होती.

11 सप्टेंबर नंतर चूक कुठे झाली

11 सप्टेंबर 2001 ला अल कायदाच्या 19 जणांनी अमेरिकेत विमानं पळवून सुमारे 3 हजार लोकांना ठार केलं. हा निर्घृण गुन्हा होता. त्यात मारल्या गेलेल्यांत मुसलमानही होते. 19 पैकी 15 जण सौदी नागरिक होते. पुढे अमेरिकेच्या चौकशी आयोगाने सौदी सरकारने संस्था म्हणून पैसा पुरवल्याचा पुरावा मिळाला नाही, असं नोंदवलं.

हल्ल्याचा तपास, पैशाचा माग, गुन्हेगारांना पकडून खटला, ही एक वाट होती. पण मार्च 2003 मध्ये इराकवर हल्ला झाला. इराकचा 11 सप्टेंबरच्या कटाशी संबंध सिद्ध झाला नाही आणि ज्या महासंहारक शस्त्रांचं कारण दिलं, ती सापडली नाहीत. ब्रिटनच्या चिलकॉट चौकशीने जुलै 2016 मध्ये म्हटलं, की शांततेचे मार्ग संपण्याआधीच युद्ध सुरू केलं गेलं. ग्वांतानामोमध्ये माणसं वर्षानुवर्षं खटल्याशिवाय राहिली. 2004 मध्ये अबू ग्रेबचे फोटो जगाने बघितले. मोडलेल्या इराकमधूनच पुढे 'इसिस' उभी राहिली आणि तिने 2014-15 मध्ये इराक-सीरियातल्या तेलविहिरी ताब्यात घेऊन तेच तेल चोरट्या बाजारात विकलं. तिच्या हातून मेलेल्यांत सर्वात जास्त मुसलमानच होते.

चुकीचं मूळ इथे आहे. दहशतवाद हा गुन्हा आहे. तेलाचं अवलंबन ही सवय आहे. पश्चिमेने दोन्हींना एकच औषध दिलं, ते म्हणजे फौज. फौजेने गुन्ह्याचा निकाल लागत नाही आणि सवयही सुटत नाही.

दहशतवादाला उत्तर: तपास, न्यायालय, पैशाचा माग

चांगली उदाहरणंही पश्चिमेतच आहेत. 22 जुलै 2011 ला नॉर्वेत एका मुस्लीमद्वेष्ट्या अतिरेक्याने 77 जणांना मारलं, त्यातले बरेचसे तरुण होते. नॉर्वेने खास कायदा काढला नाही. नेहमीच्या न्यायालयात, उघड खटला चालवून पुढच्याच वर्षी 21 वर्षांची, धोका कायम राहिल्यास वाढवता येईल अशी शिक्षा दिली. 15 मार्च 2019 ला न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत जुम्याच्या नमाजाच्या वेळी 51 जण शहीद झाले. महिन्याच्या आत तिथल्या संसदेने तशा बंदुकांवर बंदीचा कायदा केला आणि ऑगस्ट 2020 मध्ये मारेकऱ्याला पॅरोलशिवाय जन्मठेप झाली. कोणा एका समाजाकडे बोट दाखवलं गेलं नाही. दोषी एक माणूस होता, शिक्षा त्यालाच झाली.

आपल्याकडच्या अनुभवाला दोन्ही बाजू आहेत. 1993 च्या स्फोटांचा खटला लांबला, पण 2006-07 मध्ये 100 जण दोषी ठरले आणि 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. मात्र त्याच्या आधीच्या दंगलींतल्या बळींना तसा न्याय मिळाला नाही, ही सल आजही आहे. कायद्याचा एक हात लांब आणि दुसरा आखूड असला, की भडकवणाऱ्यांचं काम सोपं होतं.

चुकीच्या तपासाचं उदाहरण म्हणजे मालेगाव. 8 सप्टेंबर 2006 ला, शब-ए-बरातच्या दिवशी, तिथे कब्रस्तानाजवळ स्फोट झाले. पकडले गेले ते मुस्लीम तरुणच. एप्रिल 2016 मध्ये विशेष न्यायालयाने हयात असलेल्या आठही जणांना दोषमुक्त केलं. त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि मेलेल्यांच्या घरच्यांना खरा गुन्हेगारही मिळाला नाही. निरपराधाला पकडल्याने जुलूम तर होतोच, शिवाय खरा मारेकरी मोकळा राहतो. सुरक्षेच्या नजरेनेही हा घाटाच आहे.

यावरून पाश्चात्त्य देशांनी पाळायच्या गोष्टी दिसतात:

1. गुन्हा करणाऱ्याला धरा, त्याच्या धर्माला आणि वस्तीला नको.
2. पैशाचा माग काढा. 28 सप्टेंबर 2001 च्या संयुक्त राष्ट्रांच्या 1373 क्रमांकाच्या ठरावाने हे सगळ्या देशांवर बंधनकारक केलं आहे. पण नियम मित्रदेशाला एक आणि शत्रूला दुसरा असू नये.
3. खटला उघड चालवा, छळ नको.
4. फौज हा शेवटचा उपाय. वापरलीच तर मागे राहणाऱ्या देशाचा विचार आधी करा.
5. मुस्लीम समाजाला संशयित न मानता साक्षीदार आणि सोबती माना. पोलिसांना खबर देणारा माणूस शेजारचाच असतो, आणि तो विश्वास असेल तरच बोलतो.

तेलाला उत्तर: साठा, बचत, पर्याय

1973 मध्ये डेन्मार्कची जवळपास सगळी ऊर्जा आयात तेलावर होती. त्यांनी रविवारी गाड्या बंद ठेवल्या, पुढे पवनचक्क्या उभ्या केल्या. आज त्यांची निम्म्याहून जास्त वीज वाऱ्यापासून येते. फ्रान्सने 1974 मध्ये अणुविजेचा मोठा कार्यक्रम घेतला. नॉर्वेत 2024 मध्ये नव्या मोटारींपैकी दहातल्या जवळपास नऊ विजेवरच्या होत्या. गंमत अशी, की नॉर्वे स्वतः तेल विकणारा देश आहे.

उलट उदाहरण जर्मनीचं. 2021 मध्ये तिच्या आयात वायूपैकी निम्म्याहून जास्त वायू एकट्या रशियातून येत होता. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं आणि घर गरम ठेवायचं कसं, हा प्रश्न उभा राहिला. म्हणजे दोष अरब तेलाचा नाही. एकाच दारात उभं राहण्याचा आहे.

भारताला हे उदाहरण म्हणून बघून चालणार नाही. आपण लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 85 टक्क्यांहून जास्त आयात करतो. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथल्या भूमिगत साठ्यांची क्षमता 53.3 लाख टन आहे, म्हणजे साधारण साडेनऊ दिवसांची गरज. जगाला लागणाऱ्या तेलाचा सुमारे पाचवा हिस्सा होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून जातो. तिथे तणाव वाढला की मुरूडच्या होडीवाल्याचं डिझेलही महागतं. जमेची बाजूही सांगायला हवी. रोह्यापासून सुरू होणारी कोकण रेल्वे 2022 मध्ये संपूर्ण विजेवर आली. ज्या गाडीने आपण गावाला जातो, तिचं इंजिन आता आखातातल्या डिझेलवर अवलंबून नाही.

पश्चिमेने तेल सोडलं तर आपलं काय?

हा प्रश्न पाश्चात्त्य चर्चेत फारसा येत नाही, पण आपल्यासाठी तोच मोठा आहे. आखाती देशांत सुमारे 90 लाख भारतीय आहेत. 2014 नंतर तेलाचा भाव शंभर डॉलरवरून घसरत जानेवारी 2016 मध्ये तीसच्या खाली गेला. सौदीतल्या मोठ्या बांधकाम कंपन्यांचे पगार थकले, हजारो भारतीय कामगार कॅम्पमध्ये अडकले आणि ऑगस्टमध्ये भारताच्या मंत्र्यांना जेद्दाला जावं लागलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सौदीने 'व्हिजन 2030' जाहीर केलं. त्याचा अर्थ सरळ आहे: तेलाशिवाय कमाई आणि स्थानिकांना नोकऱ्या.

बदल आकड्यांतही दिसतो. रिझर्व्ह बँकेच्या 2023-24 च्या पाहणीत भारतात येणाऱ्या पैशात अमेरिकेचा वाटा सर्वात मोठा निघाला. सगळे आखाती देश मिळून 38 टक्क्यांच्या आसपास राहिले. पूर्वी हा वाटा निम्म्याच्या घरात असायचा.

म्हणून पश्चिमेने तेल कमी करताना एक जबाबदारी घ्यायला हवी. ज्या प्रदेशाला त्यांनी पन्नास वर्षं तेलाचा पंप म्हणून वापरलं, तिथल्या आणि तिथे राबणाऱ्या माणसांना वाऱ्यावर सोडू नये. नवं तंत्रज्ञान, शिक्षण, कामाचे व्हिसा यांचे दरवाजे उघडले पाहिजेत. बेकार आणि अपमानित तरुणांचा मोठा जमाव मागे ठेवून कोणी सुरक्षित होत नाही.

आणि तेल इकडे आलं तर? नाणारच्या रिफायनरीत सौदी अरामको आणि अबुधाबीची अॅडनॉक भागीदार होणार होत्या. विरोधामुळे 2019 मध्ये नाणार मागे पडलं आणि त्या जूनमध्ये मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात रायगडचं, रोह्याच्या परिसराचं नाव घेतलं. पुढे 2022 मध्ये राजापूरजवळचं बारसू चर्चेत आलं आणि एप्रिल 2023 मध्ये तिथेही माती परीक्षणाला गावकऱ्यांनी विरोध केला. रोजगार हवा, पण खाडी, आंबा आणि मासळी देऊन मिळणारा रोजगार किती पिढ्या पुरेल, हा हिशेब आपणही मांडला पाहिजे.

आपल्या घरात काय करता येईल

पश्चिमेला सल्ला देणं सोपं. काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

- पैसा बँकेतूनच पाठवा. हुंडी-हवाला स्वस्त वाटतो, पण तो बेकायदेशीर आहे. त्याच नळीतून कोणाचा कसला पैसा गेला, हे तुम्हाला कळणार नाही आणि नाव मात्र तुमचं येईल.
- दुसऱ्याचं बंद पाकीट घेऊन विमानात बसू नका, ओळखीचा असला तरी.
- परदेशी नोकरी नोंदणीकृत एजंटकडूनच घ्या. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंद तपासता येते. करार हातात पडल्याशिवाय व्हिसाचे पैसे देऊ नका.
- किनाऱ्यावर अनोळखी होडी किंवा वस्तू दिसली तर हात लावू नका, फोटो ग्रुपवर टाकू नका. 112 वर कळवा. समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा 1554.
- पोरांना फक्त दहावीनंतर दुबई हा एकच रस्ता दाखवू नका. सोलर, इलेक्ट्रिशियन, नर्सिंग, बोटीचं इंजिन, संगणक, यातलं एक हुनर हातात असेल तर आखात असो नसो, घर चालेल.

लक्षात ठेवायच्या तारखा

1945: रूझवेल्ट आणि बादशहा अब्दुल अझीझ यांची भेट
1953: इराणमध्ये मोसद्दिक सरकार उलथवलं
1973: अरब देशांची तेलबंदी
1974: आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था, मुंबई हायचा शोध
1990: कुवेतवर इराकचं आक्रमण, भारतीयांची सुटका
1993: दिघी-शेखाडीचं लँडिंग, मुंबईचे स्फोट
2001: अमेरिकेवर हल्ला
2003: इराक युद्ध
2008: 26 नोव्हेंबरला कराचीहून समुद्रमार्गे आलेल्यांचा मुंबईवर हल्ला, 166 मृत्यू
2019: ख्राइस्टचर्च
2022: युक्रेन युद्ध, हरिहरेश्वरची नौका

हरिहरेश्वरच्या नौकेकडे पुन्हा एकदा बघू. त्या दिवशी सरकारने आधी माहिती घेतली आणि मग निष्कर्ष सांगितला. कोणा गावावर धाड पडली नाही, कोणा समाजाचं नाव आलं नाही आणि सण व्यवस्थित पार पडले. 11 सप्टेंबरनंतर जगातल्या सर्वात ताकदवान देशांनी एवढंच केलं असतं, तर कितीतरी कबरी खोदाव्या लागल्या नसत्या.